मोबाईललाही दारे धरायला हवे

संध्याकाळचा दीड तास सगळ्या गावाने फोन बाजूला ठेवायचा. सांगलीकडच्या वडगावने हे केले, आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदाळ्याने ठरवले. मग आपण का नाही?

देवळाली प्रवरा : दिवेलागणीची वेळ. धारा काढून झाल्या आहेत, दूध डेअरीला गेले आहे. तुम्ही हातपाय धुऊन ओट्यावर टेकता. घरात लाईट आहे, माणसे आहेत, पण आवाज नाही. थोरला पोरगा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला आहे, नुसता अंगठा वरखाली चालला आहे. धाकटी आईच्या फोनवर कार्टून बघत जेवते आहे. फोन काढला की घास तोंडातच राहतो.

"अरे, वासराला पाणी दाखवलं का?" तुम्ही विचारता.

"दोनच मिनिटं, आप्पा."

ती दोन मिनिटे जेवणाची ताटे उचलली तरी संपत नाहीत. तुम्ही चिडून चार शब्द बोलता. आणि मग, खरे सांगा, खिशातून स्वतःचा फोन काढून कांद्याचा भाव बघायला बसता. भावावरून गमतीच्या व्हिडिओवर कधी गेलात, हे तुम्हालाही कळत नाही.

हे चित्र देवळालीच्या पेठेतले असो, राहुरी फॅक्टरीवरचे असो की उसातल्या वस्तीवरचे, फारसा फरक नाही. पारावर, डेअरीवर, शाळेच्या पालक सभेत एकच तक्रार ऐकू येते. पोरे मोबाईलपायी वाया चालली. तक्रार खरी आहे. पण तक्रार करून तण जात नाही, खुरपावे लागते. ते खुरपे कुठले आणि कोणी धरायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

पाणी वाईट नसते

आपला भाग पाटपाण्याचा. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या उजव्या कालव्याने आले आणि आपल्या बापजाद्यांचे संसार उभे राहिले. पण त्याच पाण्याने कितीतरी चांगली राने चिबडली, हेही आपणच पाहिले. पाणी वाईट नव्हते. रात्री पाणी सोडून माणूस झोपी गेला, वेळेवर दारे मोडले नाही, चर काढला नाही, म्हणून रान गेले.

मोबाईलचे तसेच आहे. तो शत्रू आहे असे शेतकऱ्याने तरी म्हणू नये. विहिरीवरची मोटार आता घरबसल्या फोनवरून चालू होते. पावसाचा अंदाज, बाजार समितीचा भाव, ई-पीक पाहणी, बँकेत जमा झालेले उसाचे पेमेंट, सगळे त्यातच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची माहितीही आज तिथेच मिळते. तेव्हा "मोबाईल फेकून द्या" हा सल्ला देणाऱ्याने शेती केलेली नाही. प्रश्न फोनचा नाही. दारे धरायला कोणी नाही, हा प्रश्न आहे.

घरात शिरला कसा?

थोडे मागे जाऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट मातीमोल झाले. आधी महिनाभर जपून वापरायचे नेट आता रोजच्या रोज संपवायचे झाले. तरी त्या वेळी फोन बापाच्या खिशात होता. पोराच्या हातात तो आपणच दिला, तोही हौसेने नव्हे. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या. मास्तर फोनवर शिकवायला लागले. ग्रामीण भागात पाचवीच्या पुढचे वर्ग नीट सुरू झाले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला, आणि पहिली ते चौथीची पोरे शाळेत गेली ती १ डिसेंबर २०२१ ला. मध्ये काही वर्ग थोडे दिवस भरले, पुन्हा बंद झाले. म्हणजे दीड वर्षाच्या वर "अभ्यासासाठी फोन दे" हे वाक्य घराघरात ऐकू येत होते. गरिबानेसुद्धा उसनवारी करून फोन घेतला. शाळा उघडली, पण फोन काही परत आला नाही.

देशभरातल्या खेड्यांत 'असर' नावाची शिक्षणाची पाहणी होते. तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारले गेले. शंभरातल्या ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. ज्यांना येत होता, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. "पोरगं अभ्यास करतंय" असे आपण ज्याला समजतो, त्यात अभ्यास किती आणि रील किती, हे या आकड्यांवरून ओळखा.

टीव्ही आला तेव्हाही असेच म्हणत होते?

कोणी म्हणेल, गावात टीव्ही आला तेव्हाही म्हातारी माणसे अशीच ओरडत होती. खरे आहे. पण फरक बघा. टीव्ही घरात एकच होता, तो ओसरीत होता आणि सगळे मिळून बघत होते. काय चालले आहे ते आजीलाही दिसत होते. मुख्य म्हणजे कार्यक्रम संपत होता. संपला की माणूस उठत होता.

मोबाईलमधले काही संपत नाही. एक रील झाली की दुसरी आपोआप पुढे येते. तो गोधडीत जातो, संडासात जातो, दप्तरात जातो. आणि पुढची रील कशी निघेल हे आधी कळत नाही. चार फालतू निघतात, पाचवी मजेची निघते. त्या पाचवीसाठी माणूस अंगठा हलवत राहतो. आपल्याकडे मटक्याच्या नादाने माणसे कशी बसली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आज नाही लागला, उद्या लागेल. तीच ओढ, फक्त चिठ्ठीच्या जागी काच आली. मटकेवाल्याला निदान अड्ड्यावर तरी जावे लागे. हा अड्डा उशाशी असतो. आणि तो मुद्दाम तसा बांधलेला आहे, कारण पोरगे जितका वेळ बघेल तितक्या जाहिराती दिसतात, तितके कंपनीचे उत्पन्न. मोठी माणसे त्यातून सुटत नाहीत, तिथे तेरा वर्षांच्या पोराला दोष देऊन काय उपयोग?

सवय कुठे संपते, व्यसन कुठे लागते?

रोज अर्धा तास गेम खेळणारे प्रत्येक पोर व्यसनी नसते, हेही ध्यानात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आजारांच्या नव्या यादीत केली. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळणे आवरता येत नाही, ही पहिली. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळ येतो, ही दुसरी. नुकसान दिसत असूनही चालूच राहते, ही तिसरी. आणि हे साधारण वर्षभर चालले तर तो विकार समजावा. नुसत्या रीलसाठी अशी वेगळी नोंद नाही, पण घरच्या माणसाला खुणा त्याच उपयोगी पडतात.

त्याच्या आधीची लक्षणे आईला पहिल्यांदा दिसतात. पोर सकाळी उठत नाही, वर्गात पेंगते. डोळे चोळते, डोके दुखते म्हणते. फोन मागितला की अंगावर येते. मैदानावर जात नाही. खोटे बोलायला लागते. लहान मुलात वेगळे दिसते. दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. बोलणे माणसाच्या तोंडाकडे बघून, उत्तर देऊन शिकतात. फोन बोलतो, पण पोराच्या बोलण्याला उत्तर देत नाही.

देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने साधा हिशेब सांगितला आहे. दोन वर्षांच्या आत फोन, टीव्ही काहीच नको. नातलगाशी व्हिडिओवर बोलणे तेवढे चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसात एक तासाच्या वर नको. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. त्या पुढच्या मुलांसाठी तासाचा आकडा नाही. झोप, खेळ, अभ्यास आणि घरातले बोलणे बुडता कामा नये, एवढी अट.

आता आपला हिशेब करा. पोरगे रोज तीन तास फोनवर असेल तर वर्षाचे १,०९५ तास झाले. म्हणजे ४५ दिवस आणि ४५ रात्री. वर्षातला दीड महिना. सालगडी दीड महिना गैरहजर राहिला तर आपण त्याला बोलावून विचारतो ना?

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसे. म्हणजे आपल्यासारखेच गाव. कोरोनानंतर शाळा भरल्या तेव्हा तिथल्या शिक्षकांना दिसले की पोरांचे वाचनात, लिहिण्यात मन लागत नाही. शाळा सुटली की फोन. घरोघरी हीच तक्रार.

सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी एक युक्ती काढली. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावच्या महिलांची सभा घेतली आणि भोंगा घ्यायचे ठरवले. भोंगा देवळावर बसवला. रोज संध्याकाळी सात वाजता तो वाजतो. वाजला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. पोरांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ज्याला जे करायचे ते करायला मोकळे.

पुरुष मंडळी सुरुवातीला हसली. भोंगा वाजवून कुठे मोबाईल सुटतो का? पण आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. कोण फोन घेऊन बसले आहे हे बघायला वॉर्डावॉर्डात समित्या नेमल्या. हळूहळू गाव लागी लागले. बातमी देशात आणि देशाबाहेर गेली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सीमाभागात बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी ७ ते ९ असा भोंगा सुरू केला.

सौंदाळा आणि बांशी

सांगली-बेळगाव लांब वाटत असेल तर शेजारी बघा. आपल्याच जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा आहे. लोकवस्ती सुमारे १,८०० ची. २००७ मध्ये तंटामुक्तीसाठी गौरवलेले गाव. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस तिथल्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला, तो खूप गाजला. सरपंच शरद आरगडे यांनी तो मांडला होता. पण त्या गाजावाजात दुसरी गोष्ट मागे राहिली. त्याच गावाने संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत मुलांच्या हाती मोबाईल द्यायचा नाही, त्यांनी अभ्यासाला बसायचे, असेही ठरवले. शिव्यांची बातमी सगळ्यांनी वाचली, या ठरावाचा विचार किती गावांनी केला?

तिसरे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातले. पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली, मोडली तर २०० रुपये दंड. गावाची कळकळ खरी होती. अंमलात अडचणी येतील हे तिथल्या सरपंचांनीही त्याच वेळी सांगितले होते आणि समजावून सांगण्यावर भर देऊ असे म्हटले होते.

दोन तऱ्हा डोळ्यांपुढे ठेवा. एक, पोरांना दिवसभर बंदी. दुसरी, ठरल्या वेळी सगळ्या घराला सुट्टी. आपल्या मते दुसरी तऱ्हा टिकणारी आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. नुसती बंदी वाट काढते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर सरकारने बंदी आणली, सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर. पोरांचे बघणे सुटले का? ती दुसऱ्या ॲपवर गेली. ऑस्ट्रेलियासारख्या देशाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई करणारा कायदा लागू केला. कायदा करायचा तो सरकार करील. पण कायदा आपल्या ओसरीत येऊन बसत नाही. ओसरीत आपणच असतो.

वडगावच्या भोंग्यातले मर्म असे, की तो पोरांसाठी वाजत नाही. तो सगळ्यांसाठी वाजतो. बाप रील बघतो आणि पोराला पुस्तक धर म्हणतो, तेव्हा पोर तोंडाने काही बोलत नाही, पण मनात बोलते. भोंगा वाजला आणि आप्पांनी स्वतःचा फोन कोनाड्यात ठेवला, की पोराकडे बोलायला जागा राहत नाही. शिवाय "सगळ्यांचे चालू आहे, माझाच का बंद?" हा मुलांचा मोठा सवाल मिटतो. शेजारच्या घरातही बंद, मित्राचाही बंद, मग ऑनलाइन जाऊन भेटायचे कोणाला?

आपल्या अडचणी वेगळ्या

वडगावची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडे तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, वस्त्या. आपली निम्मी माणसे गावठाणात नाहीत, उसात आहेत. देवळावरचा भोंगा वस्तीवर पोहोचत नाही. त्याला उपाय त्याच फोनमध्ये आहे. रोज सातचा गजर लावून ठेवा. गजर वाजला की तोच फोन खाली ठेवायचा. चार वस्त्यांत मिळून एक थाळी वाजवली तरी काम होते. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी आपली मागची पिढी होती, तेव्हा ही रीत आपल्याला नवी नाही.

दुसरी, बिबट्या. शहरातले लोक सांगतात, मुलांना बाहेर खेळायला सोडा. अहो, ऊस डोक्याच्या वर गेला की दिवस मावळल्यावर मोठा माणूस एकटा बाहेर पडत नाही, पोराला कुठे सोडणार? आपल्याकडची पोरे फोनला चिकटण्यात या भीतीचाही वाटा आहे. आई दार लावते आणि पोर गप्प बसावे म्हणून फोन देते. तिला बोल लावू नका. त्यापेक्षा खेळ शाळेच्या मैदानावर, उजेडात होऊ द्या. शाळा सुटल्यावर तासभर मैदान उघडे राहील आणि एक मोठा माणूस तिथे थांबेल, एवढे शाळा व्यवस्थापन समितीने बघावे. गावातल्या निवृत्त मास्तरांना आणि पोलीस-भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना विचारा, कोणी ना कोणी तयार होईल. उघड्यावर उजेडात खेळल्याने लांबचे कमी दिसायचा धोकाही कमी होतो, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात.

तिसरी, रात्रीची लाईट. जिथे शेतीपंपाला अजून रात्रपाळीची लाईट आहे, तिथे सात ते साडेआठ या वेळात बापाला मोटारीकडे बघावे लागते, फोन लागतो. हरकत नाही. फोनचा आवाज मोठा करून तो कोनाड्यात ठेवा. आला तर घ्या, काम झाले की परत ठेवा. फोन घेणे वेगळे आणि फोन घेऊन बसणे वेगळे. पोरांना हा फरक कळतो.

ग्रामसभेत असा विषय घ्या

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय लिहून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी पुढे असेल ती. आयत्या वेळचा विषय म्हणून घेतला तर तो आयत्या वेळीच मरतो.

२. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. विषय तिथे आधी मांडा. वडगावचा निर्णय बायकांच्या सभेत झाला, हे विसरू नका. मालिका बंद करायला त्या तयार झाल्या की निम्मे काम झाले.

३. वेळ गावाने ठरवावी. दुधाचा गाव असेल तर डेअरीची वेळ सोडून. दीड तासापेक्षा सुरुवातीला जास्त नको. परीक्षेच्या काळात वाढवता येईल.

४. भोंग्याची रीतसर परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक असेल तर नवा खर्चही नको.

५. दंड ठेवू नका. दंडाने भाऊबंदकी निघते. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांनी महिन्यातून एकदा घरोघर विचारपूस केली तर पुरे.

६. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत दिवा, सतरंजी आणि चार पुस्तके ठेवा. ज्या घरात एकच खोली आहे, तिथल्या पोराला बसायला जागा हवी.

देवळाली प्रवराला नगरपरिषद आहे, इथे ग्रामसभा नाही. म्हणून काही अडत नाही. नगरसेवकांनी आपल्या प्रभागापुरता, एका गल्लीपुरता आरंभ करावा. तरुण मंडळांनी गणपतीच्या दहा दिवसांत दीड तास करून दाखवावा. दहा दिवस जमले तर अकराव्या दिवशी का जमणार नाही?

घरी असे करा

गावाचे गावाला होईल तेव्हा होईल. आपल्या उंबऱ्याच्या आत आजपासून काही गोष्टी करता येतात. फोनला घरात एक ठरलेली जागा द्या. जेवताना कोणाच्याच हातात फोन नको, पाहुण्याच्याही नाही. रात्री सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, पोराच्या उशाशी नको. दहावी-बारावीच्या पोराची झोप फोनने खाल्ली तर शिकवणीची फी भरून काही हाती लागत नाही.

लहान पोराला फोन दाखवून भरवायचे बंद करा. दोन-चार दिवस रडेल, कमी जेवेल. भूक लागली की खाईल.

पैशाचे कुलूप घट्ट ठेवा. यूपीआयचा पिन पोराला सांगू नका, बँकेच्या ॲपला त्याच्या बोटाचा ठसा लावू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे. तरी खेळातली बंदूक, कपडे विकत घेण्याच्या नादात पैसे जातात ते जातातच. कोणी फसवून खात्यातून पैसे काढले तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

मुलींविषयी एक बोलले पाहिजे. आपल्याकडे शिस्त लावायची म्हटली की पहिला फोन मुलीचा काढून घेतात आणि पोरगा रात्री बारापर्यंत गेम खेळत राहतो. ही शिस्त नव्हे. नियम दोघांना सारखा. मुलीला उगाच धाक दाखवला तर ऑनलाइन कोणी त्रास दिला तरी ती भीतीने सांगणार नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

हिसकावू नका

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे. ज्या पोराला फोन फार लागला आहे, त्याच्या हातून तो एकदम हिसकावू नका, फोडू नका, चारचौघांत मारू नका. फोन काढून घेतल्याच्या रागात पोरांनी टोकाचे पाऊल उचलल्याच्या बातम्या आपल्या महाराष्ट्रातून आल्या आहेत. फोन अवघ्या काही हजारांचा, पोरगे सोन्यासारखे. वेळ हळूहळू कमी करा. चार तासांचे तीन, तीनचे दोन. मोकळ्या झालेल्या वेळात काहीतरी हाती द्या. गोठ्यात एक वासरू त्याच्या नावाने करा, ट्रॅक्टर धुवायला सोबत घ्या, सायकल द्या, शेजारच्या पोरांसोबत कॅरम मांडा. नुसती पोकळी ठेवली तर फोन परत येतो.

आणि जमतच नसेल, पोर जेवत नाही, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, जीव नको म्हणते, तर देवऋषीकडे नेऊ नका आणि लाजही धरू नका. टेलि-मानस हा सरकारचा १४४१६ क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. पिकावर कीड पडली की आपण कृषी विद्यापीठाचा रस्ता धरतो, मग पोराच्या मनाला काही झाले तर डॉक्टरकडे जायला कमीपणा कसला?

पहिला फोन कोणाचा?

दीड तासाने सगळे पालटेल, असा दावा कोणी करू नये. वडगावनेही तो केलेला नाही. पण दीड तास घरात माणसे एकमेकांकडे तोंड करून बसली तर काय होते, ते करून बघण्यासारखे आहे. पहिले आठ दिवस अवघडल्यासारखे होईल. काय बोलावे सुचणार नाही. आजी एखादी जुनी गोष्ट काढेल, बहात्तरच्या दुष्काळातली. पोरगे विचारेल, मग खाल्लं काय? आजी सांगेल. नवव्या-दहाव्या दिवशी पोरगे आपण होऊन शाळेतली एखादी गोष्ट सांगेल, जी त्याने वर्षभर सांगितली नव्हती. ती ऐकायला मात्र तुम्ही तिथे असायला हवे, आणि तुमच्या हातात फोन नसायला हवा.

रानात पाणी सोडल्यावर आपण दारे सोडून घरी येत नाही. थंडी असो, बिबट्याची भीती असो, बॅटरी घेऊन बांधावर उभे राहतो, कारण रान आपले आहे. मग आज संध्याकाळी सात वाजता घरातले दारे धरायला कोण उभे राहणार? गावाचा भोंगा वाजायला ग्रामसभेची वाट बघावी लागेल. घरातला पहिला फोन कोनाड्यात ठेवायला कोणाचीच वाट बघायला नको. तो फोन तुमचा असू द्या.